बॅकअप चालू असताना पुस्तक शोधणं चालतं पण नोंद अर्धा मिनिट अडकते, आयोनाइस लावून पण फरक नाही

ग्रंथालय_गडी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचतोय इथे, पोस्ट पहिल्यांदाच टाकतोय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

आमच्या तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय आहे, तिथलं कॉम्प्युटरचं सगळं मी फावल्या वेळात बघतो (पगार नाही, चहा मिळतो). एक जुनं आय५ मशीन सर्व्हर म्हणून ठेवलंय, १६ जीबी रॅम, २ टीबीची एकच सॅटा हार्ड डिस्क, ७२०० आरपीएमवाली, उबुंटू २२.०४. देवघेवीचं सॉफ्टवेअर मीच लिहिलंय, मागे एसक्यूलाइट (एका फाइलमधला छोटा डेटाबेस) आहे, काउंटरवरचे दोन पीसी ब्राउझरमधून वापरतात. त्याच डिस्कवर जुन्या दिवाळी अंकांचे आणि साप्ताहिकांचे स्कॅन आहेत. रोज त्यातला २० जीबीचा एक गठ्ठा टार करून (सगळ्या फाइली एका फाइलीत बांधून) आधी त्याच डिस्कवर दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि संध्याकाळी तो एक्स्टर्नल डिस्कवर जातो. रात्री करता येत नाही कारण शिपाईकाका जाताना मेन स्विच पाडूनच जातात, वीस वर्षांचा नियम आहे त्यांचा, मोडायची कोणाची हिंमत नाही. म्हणून दुपारी १ ला जेवणाच्या सुट्टीत. पण सुट्टीत पण लोक येतातच.

तर त्या पंधरा मिनिटांत गंमत अशी होते की पुस्तक शोधलं तर सापडतं, जरा हळू पण सापडतं. पण पुस्तक दिलं-घेतलं अशी नोंद करायला गेलं की गोल गोल फिरत बसतं, २५-३० सेकंद. काउंटरवरच्या ताई आता सरळ वहीत लिहून ठेवतात आणि दोन वाजता चढवतात, आणि मला बघून हसतात ते वेगळंच. टॉप मध्ये बघितलं तर सीपीयू निवांत, डब्ल्यूए (डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ) ४० टक्क्यांच्या वर, लोड मात्र ६-७.

टारला आयोनाइस (डिस्कच्या रांगेत प्रोग्रामचा नंबर पुढे-मागे करणारी कमांड) लावून आयडल क्लासमध्ये (बाकी कोणाचं काम नसेल तेव्हाच) टाकलं, काडीचा फरक नाही. इंजिनीअरिंगला ऑपरेटिंग सिस्टिमच्या पेपरात ते ९८, १८३, ३७, १२२ वगैरे करत डिस्कचं हेड ५३ वरून फिरवलेलं आठवतंय, स्कॅन, सी-स्कॅन, एसएसटीएफ असे रिक्वेस्टचा क्रम लावायचे प्रकार, मार्क पण मिळाले होते. पण खरा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यातलं नक्की काय करतो? कोणाची रिक्वेस्ट आधी घ्यायची हे ठरवतो कोण, आणि मी आयडल सांगूनही तो ऐकत का नाही?

जय_मल्हार_०७

एसएसडी टाका भाऊ विषय संपला. २०१२ चा प्रश्न आहे हा.

ग्रंथालय_गडी

दादा, कमिटीची मीटिंग तीन महिन्यांनी असते आणि मागच्या मीटिंगमध्ये एक तास पंख्यावर चर्चा झाली. एसएसडी येईल तेव्हा येईल. आणि खरं सांगायचं तर मला समजून पण घ्यायचंय.

टर्मिनल_ताई

सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. शोध चालतो, नोंद अडकते. म्हणजे रीड जातायत, राइट अडकतायत, त्यातही साधे राइट नाही तर "डिस्कवर पोचलं असं सांग मगच मी हलतो" वाले. हे धरून चला म्हणजे पुढचं लागेल.

आधी पेपरातलं. त्या गणितात ओळीने घेतलं तर हेड ६४० सिलिंडर फिरतं आणि जवळचं आधी घेतलं तर २३६, बरोबर ना. मुद्दा खराच आहे, ७२०० ची तबकडी एक चक्कर मारायला ८.३३ मिलिसेकंद घेते, म्हणजे हेड जागेवर पोचलं तरी सरासरी चार-एक मिलिसेकंद नुसतं खाली उभं राहायचं, हेड हलवायचे अजून वेगळे. त्यामुळे इकडे तिकडे उड्या मारल्या की सेकंदाला शंभरच्या आतच कामं होतात. पण आजच्या कर्नलला सिलिंडर वगैरे काही दिसत नाही. त्याला फक्त सेक्टरचा नंबर दिसतो आणि जवळचे नंबर जवळच असतील असं तो धरून चालतो. वर डिस्क स्वतःच्या पोटात एनसीक्यूने ३२ कमांड घेऊन आपल्या अकलेने क्रम लावते ते वेगळं. म्हणजे क्रम दोनदा लागतो, एकदा कर्नलमध्ये, एकदा डिस्कमध्ये, आणि दोघं एकमेकांना विचारत नाहीत.

तुमच्या मशीनवर बहुतेक एमक्यू-डेडलाइन नावाचा शेड्युलर (कोणाची रिक्वेस्ट आधी घ्यायची ते ठरवणारा) असणार, सॅटाला तोच मिळतो काही छेडलं नसेल तर. सिस ब्लॉक एसडीए क्यू शेड्युलर ही फाइल कॅट करून बघा, चौकटी कंसात असेल तो चालू. तो कसा चालतो तर पंगतीतला वाढपी आठवा. मसालेभाताचं पातेलं घेऊन निघाला की एका टोकाकडून सरळ वाढत जातो, मधूनच कोणी हाक मारली म्हणून उलटा पळत नाही, नाहीतर सगळी पंगत उपाशी आणि त्याचे पाय गेले. हे झालं सेक्टरच्या क्रमाने जाणं. पण त्याच्या दुसऱ्या हातात आणखी एक यादी असते, कोणी कधी हाक मारली त्याची. रीडला ५०० मिलिसेकंद, राइटला ५ सेकंद. त्याच्या वर कोणी ताटकळलं तर पुढची खेप तिथून सुरू. एका खेपेत १६ घास, आणि रीड आणि राइट दोन्ही उभे असतील तर रीडच्या बाजूने झुकतं माप, राइटला दोनदा डावललं की तिसऱ्यांदा त्यांचा नंबर. झुकतं माप का, तर रीड करणारा प्रोग्राम तिथेच हात बांधून उभा असतो, राइट करणारा सहसा केव्हाच पुढे गेलेला असतो.

आता "राइट करणारा पुढे गेलेला असतो" इथेच तुमचं आयोनाइस मेलं.

टार जेव्हा लिहितो तेव्हा तो डिस्कवर लिहीतच नाही. तो रॅममधल्या पेज कॅशमध्ये टाकतो आणि "झालं" समजून पुढचा स्कॅन वाचायला जातो. ती पानं डर्टी (डिस्कवर जायची बाकी) म्हणून पडून राहतात. नंतर कर्नलचा फ्लशर (पीएसमध्ये केवर्कर नावाने दिसतो, बाजूला फ्लश लिहिलेलं असतं) उठतो आणि ती पानं डिस्ककडे रवाना करतो. शेड्युलरला दिसतं काय, तर केवर्करने रिक्वेस्ट दिली. तिच्यावर टारचं नावही नाही आणि तुमचा आयडलचा शिक्काही नाही. पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता पोस्टमनचा पडलाय असं समजा. टारचे रीड मात्र टारच्याच नावावर जातात, त्यांना आयडल लागू होतं. ५.१४ च्या आधीच्या कर्नलमध्ये तर एमक्यू-डेडलाइन आयोनाइसकडे बघतच नव्हता, तुमचा ५.१५ असेल, तो बघतो, पण बघून काय, शिक्काच नाही.

दुसरं, किती पानं पडून राहतात? फ्लशर जागा होतो ते रिकामी अधिक कॅशची मेमरी धरून १० टक्के डर्टी झाली की, किंवा एखादं पान ३० सेकंद जुनं झालं की. २० टक्क्यांकडे जायला लागलं की लिहिणाऱ्यालाच झोपवतात. तुमच्या १६ जीबीत २० टक्के म्हणजे ३ जीबीच्या आसपास. एकाच डिस्कवर वाचा पण आणि लिहा पण असं चाललंय म्हणजे लिहायचा वेग २५-३० एमबीच्या वर काही जात नसणार. हिशोब करा, दोन मिनिटांचं काम कायम उरावर.

आणि तिसरं, एसक्यूलाइट. साध्या मोडमध्ये एका नोंदीला ते आधी जर्नल फाइल (मध्येच बिघडलं तर मागे यायला) बनवतं, ती एफसिंक (डिस्कवर पोचेपर्यंत थांबणं), मग डेटाबेस फाइल एफसिंक, मग जर्नल पुसून टाकतं. दरवेळी फाइल बनली-पुसली म्हणजे तुमच्या डिस्कची फाइलसिस्टिम ईएक्सटी४, तिच्या स्वतःच्या जर्नलमध्ये पण कमिट (नोंद पक्की करणं). आणि ईएक्सटी४ चा नेहमीचा मोड ऑर्डर्ड, म्हणजे ज्या नव्या ब्लॉकांची नोंद त्या कमिटमध्ये आहे त्यांचा डेटा आधी डिस्कवर गेला पाहिजे. तुमच्या टारची फाइल त्याच फाइलसिस्टिमवर वाढतेय. म्हणजे ताईंची दोन केबीची नोंद टारच्या शेकडो एमबीच्या मागे रांगेत. ही रांग शेड्युलरच्या दाराबाहेरची आहे, तो बिचारा आतल्या दहा-पंधरांचा क्रम कितीही सुंदर लावू दे.

एकदा आयओस्टॅट (डिस्कचे आकडे दाखवणारी कमांड) मायनस एक्स १ चालवून बॅकअपच्या वेळचे आकडे टाका इथे.

ठाणे_लोकल_होस्ट

ताईंचं बरोबर आहे पण एक दुरुस्ती, ते ५०० मिलिसेकंद आणि ५ सेकंद म्हणजे गॅरंटी नाही हां. खेप संपली की तो यादी बघतो आणि मुदत टळलेला असेल तर तिथून सुरू करतो, बस. डिस्कने स्वतःच्या पोटात ३२ घेऊन ठेवलेत त्यावर त्याचं काही चालत नाही. लोक डेडलाइन नाव वाचून रिअल टाइम समजतात.

आणि गडी, शेड्युलरच्या नादी लागायच्या आधी दोन गोष्टी. स्मार्ट (डिस्कचा स्वतःचा तब्येतीचा अहवाल) बघा, रिअ‍ॅलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर शून्य आहेत का. आणि डिस्क एसएमआर आहे का ते मॉडेल नंबरवरून शोधा. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, मधलं एक कौल बदलायचं तर पुढची पण उचलून परत बसवावी लागतात, त्यामुळे पोटातली राखीव जागा भरली की राइट अक्षरशः मरतात, आणि कर्नलला याचा पत्ताच नसतो. एका क्लायंटकडे मी दोन दिवस शेड्युलर बदलत बसलो होतो, शेवटी निघाली एसएमआर. ते दोन दिवस कोणी परत देत नाही.

ग्रंथालय_गडी

बापरे, एवढं कोणी कॉलेजात सांगितलं असतं तर. स्मार्ट स्वच्छ आहे, डिस्क सीएमआर आहे, म्हणजे एसएमआर नाही (मॉडेल शोधलं). शेड्युलर एमक्यू-डेडलाइनच निघाला.

आज १ वाजून १० मिनिटांचे आकडे, बऱ्यापैकी स्थिर होते: रीड सेकंदाला १९५, आर-अवेट (एका रीडची सरासरी वाट) ९ मिलिसेकंद. राइट सेकंदाला २४, डब्ल्यू-अवेट (राइटची वाट) ६२०, एका राइटचा आकार १ एमबीच्या आसपास. एक्यू-साइझ (रांगेची लांबी) १६-१७. यूटिल ९९ पूर्णांक काहीतरी. आणि प्रोक मेमइन्फोमध्ये डर्टी २४ लाख केबी!! म्हणजे २.३ जीबी.

एक कळलं नाही, रांग फक्त १६-१७ ची दिसतेय, मग तो एवढा ढीग कुठे आहे?

टर्मिनल_ताई

तेच तर. २४ गुणिले ०.६२ सेकंद करा, पंधरा येतात, १९५ गुणिले ९ मिलिसेकंद म्हणजे पावणेदोन, बेरीज तुमची १६-१७. आयओस्टॅट मोजतं ते दाराच्या आत आलेल्यांचं. २.३ जीबी अजून दाराबाहेर पेज कॅशमध्ये बसलेत. आतली रांग लहान का, तर २०१७ च्या ४.१० पासून दारात एक वॉचमन बसवलाय, राइटबॅक थ्रॉटलिंग, तो फ्लशरला एका वेळी थोडेच राइट आत सोडू देतो, रीडचं गुदमरू नये म्हणून. म्हणूनच तुमचा आर-अवेट ९ आहे आणि शोध चालतोय. तो त्याचं काम चोख करतोय.

यूटिल ९९ वाचून घाबरू नका पण, त्याचा अर्थ एवढाच की त्या सेकंदात कायम काहीतरी चालू होतं. एका तबकडीच्या डिस्कला त्याला थोडा अर्थ आहे, एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीवर) तर तो आकडा बघायचाच नाही.

आणि लोड ६-७ चं पण हेच, लिनक्समध्ये डी स्टेटमध्ये डिस्कची वाट बघत झोपलेले पण लोडमध्ये मोजतात. सीपीयू थंड आणि लोड गरम दिसलं की डिस्ककडे बघायचं.

जुना_खोडरबर

हा धागा वाचून केस पांढरे असल्याचा आनंद झाला. ग्रंथालयवाले, तुमचा आजार नवा नाही. २००८ साली फायरफॉक्स ३ आला तेव्हा त्याने बुकमार्क आणि हिस्टरी एसक्यूलाइटमध्ये टाकली आणि ईएक्सटी३ वर नुसती लिंक उघडली तरी ब्राउझर गोठायचा, मागे मोठी कॉपी चालू असेल तर. तिथेही हेच, एफसिंक एका लहान फाइलचा आणि बाहेर जायचं सगळ्यांच्या डेटाने. तेव्हा आम्ही पण आधी शेड्युलरलाच शिव्या घातल्या होत्या.

शेड्युलरचा इतिहास मात्र मजेचा आहे, थोडं विषयांतर करतो. लिनक्स कर्नल २.६ च्या सुरुवातीला डिफॉल्ट होता अँटिसिपेटरी. त्याची आयडिया ऐकून मला पहिल्यांदा वाटलं लेखक वेडा आहे. रीड संपला की डिस्क मुद्दाम काही मिलिसेकंद रिकामी ठेवायची, रांगेत दुसऱ्यांची कामं असताना! पण विचार करा, एक प्रोग्राम एक तुकडा वाचतो, जरासा विचार करतो आणि लगेच शेजारचा तुकडा मागतो. तुम्ही त्या "जराशा" मध्ये डिस्कचं हेड दुसऱ्या टोकाला पळवलंत की तो शेजारचा तुकडा मागायच्या वेळी परत उलटं यायचं. दोन प्रोग्राम असे असले की हेड नुसतं येरझारा घालतं. एसटीचा कंडक्टर नाही का, बघतो की आजीबाई स्टँडच्या गेटातून पिशवी घेऊन येतायत, डबल बेल द्यायचा हात थांबवतो, दोन मिनिटं गेली तरी परवडतं. २००१ मध्ये यावर संशोधन आलं होतं, फसवा रिकामेपणा असं त्याचं नाव मराठीत करता येईल.

मग २.६.१८ पासून सीएफक्यू डिफॉल्ट झाला, येन्स आक्सबोचा, हा माणूस कर्नलच्या ब्लॉक लेयरचा मेंटेनर. प्रत्येक प्रोसेसला वेगळी रांग आणि डिस्कच्या वेळेचा वाटा. आयोनाइस हे नाव लोकांना माहीत झालं ते सीएफक्यूमुळे, आणि म्हणूनच इंटरनेटवरचे निम्मे सल्ले सीएफक्यूच्या काळातले आहेत, तेच वाचून तुम्ही ते लावलं असणार. पण बफर्ड राइटचं (आधी रॅममध्ये पडणाऱ्या राइटचं) रडगाणं तेव्हाही होतंच.

पुढे एसएसडी आले, कोअर वाढले आणि कळलं की अडचण डिस्क नाही तर कर्नलमधलं एका डिव्हाइसला एकच रांग आणि तिला एकच कुलूप, सगळे कोअर त्या कुलपाशी भांडतायत. मग ३.१३ मध्ये, २०१४ चा जानेवारी, मल्टिक्यू आला, प्रत्येक कोअरची आपली रांग. एनव्हीएमईच्या स्पेसिफिकेशनमध्ये तर ६४ हजारच्या आसपास रांगा आणि प्रत्येकीत तितक्याच कमांड, सॅटाच्या ३२ पुढे काय बोलायचं. ५.० मध्ये, २०१९ ला, जुना रस्ता काढूनच टाकला आणि त्याबरोबर सीएफक्यू गेला. एनव्हीएमईवर आता शेड्युलरच्या जागी नन असतो, म्हणजे कोणीच नाही, आणि ते बरोबर आहे, हेडच नाही तर क्रम कसला लावता.

मी २.६ च्या काळात एका होस्टिंगवाल्याकडे नोकरीला होतो, रात्रपाळीत आमचं काम एकच, कोणाची मायएसक्यूएल रडली की शेड्युलर डेडलाइन करायचा आणि तिकीट बंद करायचं. अर्ध्या वेळा काय बदललं ते आम्हालाही ठाऊक नसायचं.

ठाणे_लोकल_होस्ट

बीएफक्यू शेड्युलर लावा सरळ. ४.१२ पासून आहे, सीएफक्यूचाच वंश, तबकडीच्या डिस्कवर इंटरॅक्टिव्ह कामाला त्याच्यासारखा नाही. उबुंटूवर मॉड्यूल लोड करायचं, बीएफक्यू शब्द त्या शेड्युलर फाइलमध्ये इको करायचा, रीबूट पण नको.

टर्मिनल_ताई

बीएफक्यू वाईट नाही, पण त्याला पण केवर्करचे राइट केवर्करचेच दिसतात ना. एफसिंक करणाऱ्या प्रोसेसला स्वतःची रांग मिळेल तेवढा फायदा होईल, नाही असं नाही. पण ईएक्सटी४ चं कमिट ज्या डेटासाठी थांबलंय तो फ्लशरच्याच रांगेत असेल तर फिरून भोपळे चौकात. शिवाय बीएफक्यू आला की तो वॉचमन, राइटबॅक थ्रॉटलिंग, आपोआप बंद होतो, हे लोकांना माहीत नसतं.

ठाणे_लोकल_होस्ट

ते बंद होतं कारण बीएफक्यू स्वतःच तो हिशोब ठेवतो, दोघं एकत्र असले की एकमेकांच्या पायात पाय. लावून बघू दे ना त्याला, फुकट आहे.

टर्मिनल_ताई

बघू दे, मी कुठे नाही म्हणतेय. पण एका वेळी एकच गोष्ट बदला गडी, आणि प्रत्येक वेळी घड्याळ लावून नोंदीला किती वेळ लागतो ते लिहा, नाहीतर काय लागू पडलं ते कळणार नाही. माझ्या मते करायच्या गोष्टी अशा.

ढीग लहान करा. सिसकंट्रोलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) डर्टी बाइट्स २६८४३५४५६ म्हणजे २५६ एमबी, आणि बॅकग्राउंडवाला ६७१०८८६४, म्हणजे ६४ एमबी. बाइट्सवाला लावला की टक्केवारीवाला शून्य दिसेल, घाबरू नका, दोनातलं एकच चालतं. ही टक्केवारी ठरली तेव्हा मशीनला रॅमच एवढी नसायची, आता १६ जीबीच्या मागे सेकंदाला २५ एमबीची डिस्क म्हणजे मोठ्या टाकीला बारीक तोटी.

पण मूळ इलाज म्हणजे टारला पेज कॅशमध्ये लिहूच देऊ नका. टारचं आउटपुट पाइप करून डीडीला (ठोकळ्या-ठोकळ्यांनी कॉपी करणाऱ्या कमांडला) द्या, डीडीला ओफ्लॅग डायरेक्ट (पेज कॅश टाळून थेट डिस्कवर), ब्लॉक साइझ १ एमबी, आणि आयफ्लॅग फुलब्लॉक विसरू नका, पाइपमधून तुकडे अर्धवट येतात. आयोनाइस आयडल टार आणि डीडी दोघांना लावा. डायरेक्ट म्हटलं की राइट डीडी स्वतः करतो, स्वतःच्या नावावर, मग तुमचा आयडलचा शिक्का शेड्युलरपर्यंत पोचतो. आणि डीडी एक ठोकळा पूर्ण झाल्याशिवाय दुसरा देत नाही, म्हणजे ढीग होणारच नाही. बॅकअपला वेळ जास्त लागेल.

शेवटचं म्हणजे एसक्यूलाइट डब्ल्यूएएल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहायचा मोड) टाका. नोंदीला एकच एफसिंक आणि तीच फाइल पुन्हा पुन्हा वापरली जाते, सारखं फाइल बनव फाइल पूस नाही. सॉफ्टवेअर त्याच मशीनवर चालतंय ना, मग अडचण नाही, नेटवर्क शेअरवरून उघडत असाल तर हे करू नका.

ग्रंथालय_गडी

चार दिवस रोज दुपारी डबा घेऊन तिथेच बसलो होतो. ताईंच्या मोबाईलवर स्टॉपवॉच लावून मोजलं, त्यांना पण मजा यायला लागली.

पहिल्या दिवशी फक्त बीएफक्यू. शोध एकदम चपळ झाला, डोळ्याला कळण्याइतका. नोंद ३० वरून १२-१३ सेकंदावर. ठाणेवाले खूश होतील.

दुसऱ्या दिवशी डर्टी बाइट्स पण. नोंद ४-५ सेकंद. मेमइन्फोमधलं डर्टी अडीचशेच्या वर जातच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी डीडी डायरेक्ट. पहिल्यांदा फुलब्लॉक विसरलोच, ठोकळे अर्धवट, टार नीट झालंय की नाही शंका आली म्हणून परत केलं. मग काय सांगू, नोंद एक सेकंदाच्या आत. ताईंनी तीन वेळा केली, विश्वास बसेना. आकडे: राइट सेकंदाला १६, डब्ल्यू-अवेट २४, रीड १२० च्या आसपास, आर-अवेट ६, रांग १ च्या थोडी वर. म्हणजे आधी ६२० वाट बघत होते ते आता २४. बॅकअप १४ मिनिटांचा २२ झाला, होऊ दे, सुट्टी तासाची आहे.

चौथ्या दिवशी डब्ल्यूएएल, त्याचा फरक स्टॉपवॉचवर कळला नाही, आधीच सेकंदाच्या आत होतं.

आणि आता खरी गंमत. आज सहज शेड्युलर फाइल बघितली तर परत एमक्यू-डेडलाइन! मी बीएफक्यू नुसता इको केलेला, काकांनी रोजच्यासारखा मेन पाडला, मशीन सकाळी नव्याने चालू. म्हणजे दुसऱ्या दिवसापासून बीएफक्यू नव्हताच, डर्टी बाइट्स मी फाइलमध्ये लिहिलं होतं म्हणून तेवढं टिकलं. ४-५ सेकंद आणि सेकंदाच्या आत हे दोन्ही आकडे डेडलाइनवरचे निघाले.

ठाणे_लोकल_होस्ट

हाहाहा. बरं बाबा, हरलो. तरी शोध चपळ हवा असेल तर यूडेव्हचा (डिव्हाइस दिसलं की आपोआप सेटिंग लावतो त्याचा) एक रूल टाक, रोटेशनल १ असेल त्या डिस्कला शेड्युलर बीएफक्यू, आणि मॉड्यूल बूटला लोड होईल असं मॉड्यूल्स-लोडमध्ये एक ओळ. मग काका कितीही मेन पाडू दे.

टर्मिनल_ताई

एक मिनिट. काका मेन पाडतात म्हणजे मशीन आधी शटडाउन करून ना?

ग्रंथालय_गडी

ताई बहुतेक वेळा करतात... त्या लवकर गेल्या तर नाही.

टर्मिनल_ताई

मग डब्ल्यूएएलच्या नादात कुठे एसक्यूलाइटचं सिंक्रोनस सेटिंग नॉर्मल केलं असेल तर आत्ता जाऊन फुल करा. नॉर्मलमध्ये डेटाबेस मोडत नाही पण वीज गेली की शेवटच्या काही नोंदी गायब होऊ शकतात. आणि क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) संध्याकाळच्या कॉपीनंतर शटडाउन टाका, काकांच्या आधी.

ग्रंथालय_गडी

नॉर्मलच होतं 🙈 जातो.